जड न्यूक्लियस फुटतो तो तापून की ओढाताणीत?

सात रस्ता
एमएस्सीच्या ग्रुपमध्ये काल यावरून जोरात वाजलं म्हणून इथं टाकतोय. माझं मत पक्कं आहे, दोन जड न्यूक्लियस (अणूची केंद्रं) आदळले की धडकेची एनर्जी आतल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या धावपळीत मुरते, गोळा तापतो आणि झेपेनासं झालं की एकदम फुटतो. जर्मनीत जीएसआय लॅबला सोन्यावर सोनं आदळून १९९५ मध्ये आलेला ग्राफ बघा, दर न्यूक्लिऑनमागे (म्हणजे दर प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) एनर्जी ३ पासून १० एमईव्हीपर्यंत (हे एनर्जीचं एकक, इथं टेंपरेचरही त्यातच मोजतात) नेली तरी टेंपरेचर ५ एमईव्हीच्या आसपासच अडकलंय (म्हणजे जवळपास ५,८०० कोटी केल्विन). आधणाला उकळी फुटल्यावर गॅस मोठा केला तरी पाणी आणखी तापत नाही, तेच आहे हे.

होटगी रोड
नाही पटलं. त्याच ग्राफमध्ये एनर्जी वाढते तसा उरलेला गोळा लहान होत जातो, म्हणजे दर पॉइंटला पातेलंच वेगळं, मग आधण एकच कसं?
आणि कडेकडेच्या टकरीचं काय? दोन गोळे क्षणभर चिकटतात, मधे मान तयार होते, लांब जाताना ती तुटते. मी सकाळी पोळ्या करताना कणकेचे दोन गोळे दाबून झटक्यात ओढले, मधे बारीक मान आली आणि एक कण ओट्यावर पडला, तापायचा संबंधच नाही. मानेतल्या तुकड्यांचा वेग दोन्ही गोळ्यांच्या वेगांच्या मधला असतो आणि न्यूट्रॉनही जास्त सापडतात, हे उष्णतेने कसं सांगणार?

जुळे सोलापूर
कणकेपेक्षा आपली कडक भाकरी घ्या. ताटात मूठ मारून चुरा, दोन-चार मोठे तुकडे आणि बाकी चुराच चुरा, आणि भाकरी तर गार असते. नुसते बाँड तोडत जाणाऱ्या मॉडेलमध्येपण तुकड्यांच्या साइजचं गणित असंच येतं, त्यामुळे नुसत्या साइजवरून 'उकळलं' म्हणू नका.

सात रस्ता
कडेच्या टकरीत मान मान्य, पातेल्याचा मुद्दापण लागला. पण फ्रान्समध्ये इंद्रा डिटेक्टरवर (तुकडे टिपणारं यंत्र) झेनॉन-टिनच्या न्यूक्लियसच्या समोरासमोरच्या टकरी बघितल्यात, तिथं तापलेल्या गोळ्याचं मॉडेल तुकड्यांशी चांगलं जुळतं.

होटगी रोड
जुळतं, पण तुकडे बाहेरच्या दिशेनं फेकले जाण्याचा वेग मॉडेलमध्ये वेगळा मिसळल्यावरच ना? तेवढी एनर्जी उष्णतेत मुरलेलीच नाहीये, माझं भांडण नेमकं तिथंच आहे.