अब्देल कादिर आणि फ्रेंचांची पेन्शन

'शेवटी शरण गेला आणि फ्रेंचांच्या पेन्शनवर जगला, मग बंडखोर कसला?' असं अब्देल कादिरबद्दल म्हणतात, ते मला काही पटलं नाही.

अब्देल कादिर १८३२ मध्ये पश्चिम अल्जेरियातल्या टोळ्यांचा अमीर, म्हणजे प्रमुख, झाला तेव्हा जेमतेम चोविशीचा होता. त्यानंतर पंधरा वर्षं तो अल्जेरिया बळकावणाऱ्या फ्रेंचांशी झुंजला. फ्रेंच जनरल ब्युजोने उभी पिकं जाळली, धान्य लुटलं, गुरं हाकून नेली. उपाशी टोळ्या साथ तरी किती दिवस देणार? अमीराची राजधानीसुद्धा फिरती, हजारो माणसांची तंबूंची वस्ती. १८४३ मध्ये तीही फ्रेंचांच्या हाती पडली आणि त्याने जमवलेली पुस्तकं गेली. (मला याचंच जास्त वाईट वाटतं.)

१८४७ मध्ये तो शरण गेला तो अट घालून: मला इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया किंवा पॅलेस्टाइनमधलं अक्का इथे जाऊ द्या. फ्रेंचांनी हो म्हटलं आणि त्याला नेऊन ठेवलं फ्रान्समध्ये, जवळपास पाच वर्षं कैदेत. आंबुआजच्या किल्ल्यात त्याच्या गोतावळ्यातली माणसं वारली, त्यांच्या कबरी तिथल्या बागेत आजही आहेत. तेव्हा शब्द कोणी मोडला?

सुटकेनंतर फ्रेंचांची पेन्शन घेतली आणि पुढे सीरियातल्या दमास्कसला राहिला, हे खरंच. पण १८६० मध्ये दमास्कसला ख्रिश्चनांची कत्तल सुरू झाली, तेव्हा याच माणसाने आपल्या अल्जेरियन साथीदारांना गल्ल्यांत धाडून हजारो लोकांना वाचवलं, स्वतःच्या वाड्यात आसरा दिला. ज्यांच्याशी लढला, त्यांच्याच धर्माची माणसं!