धुराड्याचा निकाल कोणी द्यावा: अधूनमधून घेतलेल्या नमुन्याने की अखंड चालणाऱ्या यंत्राने?

निरभ्र (धागाकर्ता)

कारखान्याचे उत्सर्जन मर्यादेत आहे की नाही हे ठरवण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिल्यात प्रयोगशाळेची माणसे धुराड्यावर चढतात, तिथल्या छिद्रातून (पोर्ट) प्रोब, म्हणजे नमुना खेचणारी नळी, आत सरकवतात आणि ठरावीक वेळ वायू खेचून नमुना गोळा करतात. दुसऱ्यात धुराड्यातच बसवलेले ॲनालायझर रात्रंदिवस मोजत राहतात. अनेक परवान्यांत ही यंत्रे बसवण्याची सक्ती असते, पण उल्लंघन झाले की नाही याचा कायदेशीर निकाल मात्र अजूनही पहिल्या मार्गानेच लागतो. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

वर्षाचे तास ८,७६० असतात. धूलिकणांच्या एका चाचणीत साधारणपणे तासाभराचे तीन नमुने घेतले जातात. म्हणजे वर्षातून दोनदा चाचणी झाली तरी सहा तासांवरून उरलेल्या ८,७५४ तासांचे चारित्र्य ठरते. त्यातही चाचणीचा दिवस कारखान्याला आधीच ठाऊक असतो, कारण प्लॅटफॉर्म, वीजपुरवठा आणि उत्पादनाचा भार यांची व्यवस्था त्यानेच करायची असते. त्या दिवशी कमी राखेचा कोळसा जाळता येतो, धूळ गाळणाऱ्या फाटलेल्या कापडी बॅगा आदल्या आठवड्यात बदलून घेता येतात, ईएसपीची (विजेच्या भाराने धूळ पकडणाऱ्या यंत्राची) सगळी फील्ड्स, म्हणजे विद्युत विभाग, चालू ठेवता येतात. यातले काहीही बेकायदेशीर नाही, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

अखंड मोजमापावर गंभीर व्यवहार उभा राहू शकतो, हे अमेरिकेने दाखवून दिले आहे. तेथील स्वच्छ हवा कायद्यात १९९० साली झालेल्या दुरुस्तीने वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडसाठी परवान्यांची खरेदी-विक्री सुरू केली आणि तिचा सगळा हिशेब ताशी नोंदींवर बेतला. नोंद गहाळ झाली तर त्या जागी कारखान्याला तोट्यात टाकणारा आकडा धरला जातो. यंत्राची उपलब्धता, म्हणजे नीट मोजत असल्याच्या वेळेचे प्रमाण, ८० टक्क्यांखाली घसरली, तर जास्तीत जास्त संभाव्य उत्सर्जन झाले असे मानून हिशेब होतो. मग यंत्र बंद ठेवण्यात कोणाचाच फायदा राहत नाही. हीच तरतूद सर्वत्र असावी आणि दंड त्याच नोंदींवरून व्हावा.

समगती

निरभ्र यांची तळमळ मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. मी धुराड्यावर चढून नमुने घेणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे यंत्र नेमके काय मोजते हे सांगणे मला आवश्यक वाटते.

धूलिकण मोजणारे बहुतेक ॲनालायझर धूळ तोलत नाहीत. ते प्रकाशाचा झोत सोडतात आणि तो किती अडला किंवा किती विखुरला हे पाहतात. कणांचा आकार बदलला, रंग बदलला किंवा ओलावा वाढला की धुळीचे वजन तेवढेच असूनही संकेत बदलतो. ओल्या स्क्रबरनंतर (पाण्याने वायू धुणाऱ्या यंत्रानंतर) तर पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जाण्याची भीती असते. म्हणूनच यंत्राच्या संकेताचे मिलिग्रॅममध्ये रूपांतर करायला आमचा फिल्टर, म्हणजे धूळ अडवून प्रत्यक्ष तोलण्याची पद्धत, लागतो. युरोपच्या ईएन १४१८१ या मानकानुसार यंत्र बसवल्यावर किमान १५ समांतर मोजमापे हाताने घ्यावी लागतात आणि दरवर्षी पुन्हा किमान पाच. अमेरिकेत वायूंच्या ॲनालायझरची अचूकता किमान नऊ समांतर नमुन्यांवर पडताळतात. यंत्राचा खरेपणा हा असा उसना घेतलेला असतो, आणि ज्याच्याकडून तो घेतला त्यालाच दुय्यम ठरवणे मला पटत नाही.

आता आमच्या कामाबद्दल. नॉझलमध्ये शिरणाऱ्या वायूचा वेग धुराड्यातील वायूच्या वेगाइतकाच राखावा लागतो, याला आयसोकायनेटिक नमुना म्हणतात. खेच कमी पडली तर वायू नॉझलच्या बाजूने वळून जातो, पण जड कण सरळ रेषेत आत घुसतात आणि निकाल वास्तवापेक्षा जास्त येतो. खेच जास्त झाली तर आजूबाजूचा वायू वळून आत येतो, जड कण मात्र पुढे निघून जातात आणि निकाल कमी येतो. म्हणून नॉझलमधला वेग धुराड्यातील वेगाच्या ९० ते ११० टक्क्यांबाहेर गेला, तर तो नमुना अमेरिकी पद्धत सहसा ग्राह्य धरत नाही. धुराड्याच्या छेदात एकाच जागी नळी धरून चालत नाही, ठरवलेल्या प्रत्येक बिंदूवर ती थांबवावी लागते आणि प्रत्येक ठिकाणी पिटोट ट्यूबने वेग पाहून पंप जुळवावा लागतो. नमुना संपल्यावर नॉझल आणि प्रोब आतून ॲसिटोनने धुऊन ते धावनही वाळवून तोलावे लागते, कारण धुळीचा बराच भाग फिल्टरपर्यंत पोचतच नाही. तो वाटेतच चिकटून बसतो. घाईत हे धुणे टाळले गेले तर अहवालातला आकडा सुंदर येतो आणि खोटा असतो. हे सगळे नीट करणाऱ्या माणसाची जागा पडद्यावरची हिरवी रेघ घेऊ शकत नाही.

बॉयलरकक्ष

मी कारखान्याच्या बाजूने बोलतो आहे, हे आधीच स्पष्ट करतो.

दंड अखंड नोंदींवरून व्हावा, असे म्हणताना निरभ्र एक गोष्ट नजरेआड करतात. उत्सर्जनमर्यादा म्हणजे नुसता आकडा नसतो, तो आकडा आणि सरासरीचा काळ मिळून मर्यादा बनते. युरोपच्या औद्योगिक उत्सर्जन निर्देशात कचरा जाळणाऱ्या संयंत्रांसाठी धुळीची दैनिक सरासरी १० मिलिग्रॅम प्रति घनमीटर ठेवली होती आणि अर्ध्या तासाच्या सरासरीला ३० पर्यंत मुभा होती. शिवाय धुळीच्या मोजमापातील अनिश्चिततेपोटी मर्यादेच्या ३० टक्क्यांपर्यंतची रक्कम वाचनातून वजा करण्याची तरतूद होती. हे लाड नव्हेत, भट्टी कशी जळते हे ओळखून केलेली ती रचना आहे. स्थिर भारावरच्या तासाभराच्या तीन नमुन्यांसाठी ठरवलेली जुनी मर्यादा जशीच्या तशी प्रत्येक मिनिटाला लावली, तर मर्यादा न बदलल्याचे सांगत ती कित्येक पटींनी कडक केल्यासारखे होईल.

बॉयलर सुरू करताना वायू थंड आणि ओला असतो, आणि अपूर्ण ज्वलनामुळे त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. अशा वेळी ईएसपीला पूर्ण विद्युतदाब दिला तर ठिणगीने स्फोट होण्याचा धोका असतो. त्या काळातले शिखर नोंदीत दिसणारच. ते दिसू नये असे माझे म्हणणे नाही, पण त्यावरून गुन्हा दाखल झाला तर ऑपरेटर एक तर धोका पत्करेल किंवा नोंद दडवेल. यातले काय तुम्हाला हवे आहे?

निरभ्र

बॉयलरकक्ष, सरासरीच्या काळाचा आपला मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो. मर्यादा नव्याने आखल्या जाव्यात आणि सुरू करण्याच्या, बंद करण्याच्या कालावधीसाठी स्वतंत्र नियम असावेत. मात्र त्या कालावधीचे तास मोजले जावेत आणि त्यांना वार्षिक कमाल हवी, नाहीतर वर्षभर “सुरू होत असलेला” बॉयलर पाहायला मिळेल.

समगती, चाचणीच्या दिवशी कारखाना वेगळा चालतो, यावर आपण काहीच बोलला नाहीत. ॲसिटोनने प्रोब कितीही काळजीपूर्वक धुतली, तरी ती त्या दिवसाचीच धूळ धुते.

पडताळणी

नमुना श्रेष्ठ की यंत्र, या वादात मुख्य प्रश्न बाजूला पडतो आहे. मोजणाऱ्याला पैसे कोण देतो?

गुजरातमध्ये एस्थर डुफ्लो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी ४७३ कारखान्यांवर केलेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. प्रचलित व्यवस्थेत कारखाना स्वतःच लेखापरीक्षक निवडत असे आणि त्याचे पैसेही देत असे. त्या अहवालांतले आकडे मर्यादेच्या जरा खाली येऊन दाटी करत, प्रत्यक्षात मात्र बरेच कारखाने मर्यादेच्या वर होते. काही कारखान्यांसाठी व्यवस्था बदलली. परीक्षक चिठ्ठीने नेमला, त्याचे मानधन मध्यवर्ती निधीतून दिले आणि काही नमुन्यांची दुसऱ्याकडून फेरतपासणी करवली. परीक्षकांनी उल्लंघनाला अनुपालन म्हणून दाखवण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे: त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. नळी तीच होती, फिल्टर तोच होता, बदलली फक्त पैशाची वाट.

यंत्रे या दोषातून सुटलेली नाहीत. चीनने जुलै २०१४ पासून औष्णिक केंद्रांच्या मर्यादा कडक केल्या, तेव्हा धुराड्यांवरच्या यंत्रांनी सल्फर डायऑक्साइडमध्ये मोठी घट दाखवली. संशोधकांनी ती उपग्रहांच्या मोजमापाशी ताडून पाहिली, तेव्हा जिथे मर्यादा सर्वांत कडक केल्या होत्या तिथेच दोन्हींचा मेळ बसेना.

समगती

पडताळणी यांच्याशी मी सहमत आहे, आणि निरभ्र यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. चाचणी कोणत्या दिवशी आणि कोण करणार हे कारखान्याला ठाऊक नसेल, तर त्या दिवसापुरती सजावट करता येत नाही. कायमस्वरूपी, सुरक्षित प्लॅटफॉर्म आणि वीजजोडणी ही परवान्याची अट केली की पूर्वसूचनेची गरज फार थोडी उरते. फक्त चिठ्ठीने नेमलेल्या प्रयोगशाळेचे मानधन निश्चित असावे, नाहीतर सर्वांत स्वस्त बोलीवाला येईल आणि तासाचा नमुना वीस मिनिटांत उरकेल.

यंत्रात फेरफार कसा होतो, हेही इथे नोंदवतो. वाचनाची वरची कक्षा मुद्दाम खाली ठेवली की त्यापुढचे प्रत्येक शिखर त्याच आकड्यावर सपाट होते. नमुना-नळीचा जोड सैल ठेवला की बाहेरची हवा मिसळून वायू पातळ होतो. नळी पुरेशी तापवली नाही तर आत पाणी साचते, सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि वाचन खाली येते. एका ठिकाणी, नाव घेत नाही, पडद्यावर ४० मिलिग्रॅम दिसत होते आणि मर्यादा ५० होती. सगळे समाधानी होते. मर्यादा मात्र ११ टक्के ऑक्सिजनला बांधलेली होती, म्हणजे जास्त हवा मिसळून आकडा खाली आणता येऊ नये म्हणून वाचन त्या पातळीला आणून पाहायचे होते, आणि धुराड्यात ऑक्सिजन १५ टक्के होता. हवेत तो २१ टक्के असतो. २१ मधून ११ गेले १०, २१ मधून १५ गेले ६. चाळीसला दहाने गुणून सहाने भागले की सुमारे ६७ येतात. दुरुस्ती न केलेला आकडाच तिथून वर पाठवला जात होता.

निरभ्र

पण हे आपल्याला कळले ते ऑक्सिजनची नोंद सोबत होती म्हणूनच! गळती असेल तर भार तेवढाच असताना ऑक्सिजन चढलेला दिसतो. कक्षा कापली असेल तर आलेखाचा माथा सपाट दिसतो. खरे उत्सर्जन सतत हलत असते, त्यामुळे दिवसभर एकाच आकड्यावर स्थिर राहिलेली रेघ स्वतःच संशयाला पुरेशी असते. अखंड नोंदीतली लबाडी मागे खूण ठेवते. एकट्या चाचणीच्या अहवालात तीन आकडे आणि एक सही असते. त्यात शोधायचे कुठे?

कुंपण

थोडक्यात लिहितो. आपण सर्व जण धुराड्याकडेच पाहत आहात. तेलशुद्धीकरण किंवा रसायनांच्या कारखान्यात बराच वायू व्हॉल्व्ह, फ्लँज, टाक्या आणि सांडपाण्याच्या हौदांतून निसटतो आणि तिथे ना तुमचा प्रोब पोचतो ना ॲनालायझर. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१५ च्या नियमाने तेलशुद्धीकरण केंद्रांना कुंपणाच्या कडेने शोषक नळ्या लावून दर दोन आठवड्यांचे बेन्झीन मोजायला लावले. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वाचनांतील फरकाची वार्षिक सरासरी घनमीटरला ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली, तर कारण शोधून दुरुस्ती करणे बंधनकारक आहे. धूर धुराड्यातून आला की फटीतून, हे शेजारच्या वस्तीतल्या फुफ्फुसांना वेगळे कळत नाही.

बॉयलरकक्ष

कुंपणावरची नळी दोन आठवड्यांची सरासरी देते. गळती कुठे आणि कोणत्या तासाला झाली, हे तिच्यावरून कळत नाही. शिवाय शेजारच्या कारखान्याचा वायूही तिच्यात शिरू शकतो. तपास सुरू करायला ती उत्तम आहे, दंडाचा आधार म्हणून नाही.

समगती

निरभ्र, नोंदीतली लबाडी खूण ठेवते हे खरे, पण ती खूण पाहण्यासाठी कच्ची नोंद हाती असावी लागते. सार्वजनिक पडद्यावर बहुधा एकच, आधीच प्रक्रिया केलेला आकडा असतो. ऑक्सिजन, ओलावा, तापमान, वायूचा वेग, वाचनाची कक्षा आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची (यंत्र प्रमाणाशी जुळवण्याची) तारीख असे सगळे त्याच्यासोबत खुले झाले, आणि कॅलिब्रेशन करणारा कारखान्याच्या पैशावर अवलंबून नसला, तर वायूंच्या बाबतीत निकाल यंत्राने द्यावा हे मी मान्य करीन. सल्फर डायऑक्साइडचे यंत्र प्रमाणित वायूच्या नळकांड्याने तपासता येते. धुळीसाठी असे नळकांडे नसते. कोळसा बदलला, मिश्रण बदलले, बॅगांचे कापड बदलले की संकेतावरून धूळ काढण्याचे जुने समीकरण लंगडे पडते, म्हणून धुळीचा निकाल, विशेषतः ओल्या स्क्रबरच्या पुढचा, फिल्टरनेच लागला पाहिजे. यावर मी मागे हटणार नाही.

निरभ्र

मग निदान एवढे तरी मान्य करा: धुळीच्या यंत्राने ठरावीक काळ मर्यादेच्या वर वाचन दाखवले, तर ४८ तासांच्या आत, पूर्वसूचना न देता, चिठ्ठीने निवडलेल्या प्रयोगशाळेचा माणूस फिल्टर घेऊन धुराड्यावर पोचला पाहिजे, आणि त्या दिवशी कोणता कोळसा जळत होता याची नोंद अहवालात असली पाहिजे.