चार वर्षांत प्रोफेसर? हिशेब जुळत नाही

वर एकांनी लिहिलंय की फायनान्समध्ये पीएचडी हातात असली की चार वर्षांत माणूस प्रोफेसर होतो. चार वर्षं बरोबर, पण ती पहिल्याच पायरीची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत लेव्हल 10, म्हणजे असिस्टंट प्रोफेसरची पहिली पगारश्रेणी, तिथून 11 ला चार वर्षं, मग 12 ला पाच, तिथून असोसिएट प्रोफेसर व्हायला तीन आणि पुढे प्रोफेसरला आणखी तीन. म्हणजे काहीही न अडता पंधरा! आणि अडतं तर हमखास.

खरी गोम मात्र त्याच्या आधी आहे, ती इथे कुणी काढलीच नाही. मी सांगलीत एका कॉलेजात सात वर्षं तासिका तत्त्वावर कॉस्टिंग आणि फायनान्शियल मॅनेजमेंट शिकवलं. दर तासाचे पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी, आणि मे महिन्यात शून्य. पगारी नेमणूक झाली तेव्हा ती सात वर्षं मोजायला घ्या म्हणून फाईल घेऊन गेलो, तर क्लार्कनं चष्मा वर करून विचारलं, “सर, पूर्ण पगार होता का?” विषय संपला. त्यामुळे पंधराचा काटा माझ्यासाठी वयाच्या अडतिसाव्या वर्षी सुरू झाला.

बाकी पीएचडीला हळदीचे वायदे (पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवणारे सौदे) हा विषय घेतला, त्याचा पश्चात्ताप नाही. मार्केट यार्डात अडत्यांसोबत चहा पीत जेवढं हेजिंग, म्हणजे भावातल्या चढ-उताराच्या धोक्यापासून बचाव, कळलं, तेवढं पुस्तकात नव्हतं.