'फझी सर्च'ला मराठी शब्द: धूसर, अंदाजे की चूकभूल?

प्रश्न
अर्धवट आठवणाऱ्या किंवा चुकीच्या टाइप केलेल्या नावावरून प्रोग्रॅम शोधून देणारं टर्मिनलवरचं एक साधन आहे. त्याच्या मदतपानाच्या मराठी मसुद्यात 'धूसर शोध' लिहिलंय. चालेल का?

उत्तर
'धूसर' नको. शोधाचा नियम चांगला काटेकोर असतो, फक्त थोडी चूक तो पोटात घालतो. शिवाय 'धूसर' म्हटलं की गणितज्ञ झादेह यांचे १९६५चे फझी संच (ज्यांत सदस्यत्व कमीजास्त असू शकतं) डोळ्यांसमोर येतात, आणि तो गणितातला वेगळाच विषय आहे. हिशेबाखाली आपण 'चूभूद्याघ्या' लिहितोच की. मग 'चूकभूल शोध' का नको?

उत्तर
'अंदाजे शोध' सोपा आहे, कुणालाही कळेल.

उत्तर
कळेल, पण काय कळेल? साधन अंदाज बांधतंय, असं. मुळात 'फझी' या एका नावाखाली दोन निराळ्या क्रिया आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय शब्द ठरणार नाही.

पहिली क्रिया अंतराची. एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, ते मोजायचं. हे लेवेनश्टाइन अंतर, १९६५चं. चुका माफ करून मजकूर शोधणाऱ्या 'एग्रेप' या आज्ञेला -१ किंवा -२ देऊन चुकांची मर्यादा ठरवतात ती हीच.

दुसरी क्रिया क्रमाची. टाइप केलेली अक्षरं नावात त्याच क्रमानं आली की झालं, मध्ये कितीही अक्षरं असोत. यादीतून नाव शोधून देणारं 'एफझेडएफ' हे साधन असं चालतं.

'गिट' (जी-आय-टी) या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमऐवजी जी-टी-आय टाइप झालं, तर 'एफझेडएफ'ला 'गिट' सापडतच नाही, कारण त्यात टीच्या पुढे आय नाही. उलट 'गेटटेक्स्टाइझ' नावाचा प्रोग्रॅम बसवलेला असेल तर तो वर येतो: जी, मग टी, मग आय, सगळं रांगेत. आता उलटं पाहा. एफ-एफ-एम टाइप केलं की क्रमाच्या शोधात 'एफएफएमपेग' हे व्हिडिओचं साधन लगेच मिळतं, पण अंतर ३ असल्यामुळे २च्या मर्यादेत ते येत नाही. म्हणून पहिलीला 'चूकभूल शोध' आणि दुसरीला 'तुटक अक्षरजुळणी' म्हणावं. एक बोट घसरल्यावर कामाची, दुसरी आळस केल्यावर.

उत्तर
'तुटक' आवडला. एक भर: लेवेनश्टाइनच्या हिशेबात शेजारच्या अक्षरांची अदलाबदल म्हणजे २ चुका, डॅमेरोच्या पद्धतीत १. मदतपानात 'मर्यादा १' लिहून अदलाबदल २ मोजली, तर जी-टी-आयवरून 'गिट' मिळणार नाही आणि वापरणारा साधनाला नावं ठेवील. म्हणून 'अदलाबदल धरून' हे शब्द तिथे हवेतच.

आखूड नावांचाही घोळ आहे. दोन अक्षरी 'एलएस'ला २ चुका माफ केल्या की दोन अक्षरांची यच्चयावत नावं जुळतात. चार अक्षरांपर्यंत १, त्यापुढे २ ठेवावी. प्रोग्रॅमांच्या नावांची यादी घ्यायला बॅशमध्ये (टर्मिनलवर आज्ञा घेणाऱ्या शेलमध्ये) 'कॉम्पजेन -सी' पुरतं, पण तीच नावं पुन्हा पुन्हा येतात, तेव्हा 'सॉर्ट -यू'मधून काढावी.

प्रश्न
'डिस्टन्स'ला 'अंतर' ठेवू की 'फरक'?

उत्तर
'अंतर'. 'फरक' हा 'डिफ'ला (दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या आज्ञेला) लागतो, आणि दोन्ही एकाच पानावर आले तर गोंधळ. पण अंतर कशात मोजलं, ते सांगा. 'कि' आणि 'की' यांत अक्षरचिन्हांनी मोजलं तर १, यूटीएफ-८ या साठवणपद्धतीतल्या बाइटांनी मोजलं तर २. प्रोग्रॅमांची नावं रोमन असल्यानं तिथे हे जाणवत नाही, मराठी फाइलनावांत मात्र लगेच जाणवतं.

उत्तर
साधन विचारतं त्या वाक्याचं काय? 'आपल्याला हे अभिप्रेत होते काय' फारच सरकारी वाटतं. '“गिट” म्हणायचंय का?' बस्स. आणि 'सुचवणे' व 'दुरुस्त करणे' एकमेकांत मिसळू नका. झी-शेल (बॅशसारखंच दुसरं शेल) 'करेक्ट' ही सोय लावल्यावर एन, वाय, ए, ई असे पर्याय देतं: नको, हो, सोडा, बदला. गिटमध्ये 'हेल्प.ऑटोकरेक्ट' या सेटिंगला १० दिलं, तर ते १ सेकंद थांबून जुळलेली उपआज्ञा थेट चालवतं, कारण आकडा सेकंदाच्या दहाव्या भागांत असतो. पहिलं सुचवणं, दुसरं परस्पर दुरुस्ती. दोन्हींना 'सुधारणा' लिहिलं तर वाचणाऱ्याला धोका कुठे आहे ते दिसणार नाही.

प्रश्न
ठीक. मसुदा असा: 'चूकभूल शोध: अदलाबदल धरून २ चुकांपर्यंत. तुटक जुळणीसाठी -टी. साधन फक्त सुचवतं, चालवत नाही.'

उत्तर
'२ चुकांपर्यंत'च्या पुढे 'आखूड नावांना १' घाला. बाकी चोख.