प्रति: 'ख्रिस्तपुराणा'तला वैकुंठ

'ख्रिस्तपुराण' म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत सांगितलेली ख्रिस्तकथा. त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलंय, तो "पैठणच्या नाथांचाच प्रभाव," म्हणजे संत एकनाथांचा, असं एकानं लिहिलंय. जरा थांबा. 'एकनाथी भागवत' 1573 मध्ये पूर्ण झालं, स्टीफन्स गोव्यात आले 1579 मध्ये. कालक्रम जुळतो, पण ओवी आणि 'वैकुंठ' ही सगळ्यांचीच मिरास. तेवढ्यावरून प्रभाव ठरत नाही.

आधी 'ख्रिस्तपुराणा'चा पाठ, म्हणजे मूळ शब्द, तपासा. 1616 च्या पहिल्या छपाईची प्रत उरलेली नाही. 1907 ची मंगळूर आवृत्ती रोमन लिपीत आहे. तिथे 'एलएल' म्हणजे ळ, 'एक्स' म्हणजे श. घाईत 'निळा'चा 'निला' होतो, यमक जातं आणि खापर कवीवर फुटतं! मग 'वैकुंठ' असलेल्या ओव्या काढून प्रत्येकीत बोलणारा कोण, ते टिपा. खरी कल्पनाशक्ती तिथं सापडते.