बडोद्यात घरच्या घरी दोन सीटचं विमान बनवायचंय, पत्रा-इंजिन-पेट्रोल सगळ्यावर सल्ला हवा

मकरपुरा_शेड

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे, पत्रा कापणं वाकवणं रोजचंच, आणि विमानाचं वेड लहानपणापासून. आरसी (रिमोटवरची) मॉडेलं भरपूर उडवली, आता त्यात मन भरत नाही. डोक्यात असं आहे की शेडच्या मागच्या अर्ध्या भागात दोन सीटचं हाय विंग (पंख केबिनच्या वर), पूर्ण मेटलचं विमान सावकाश बनवत बसायचं, त्या झेनिथ ७०१ टाइपचं, कारण त्यात जवळजवळ सगळं पॉप रिव्हेटने जोडतात म्हणजे मागून बार धरायला दुसरा माणूस लागत नाही, एकटा माणूस रात्री जेवून येऊन तासभर काम करू शकतो. पूर्ण किट काही परवडायचं नाही, म्हणून ड्रॉइंग तिकडून घ्यायचं आणि माल इथला वापरायचा असा हिशोब आहे. आमच्या पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे ६०६१ आहे, म्हणतो एरोप्लेनवालाच माल आहे शेठ (तो शटरवाल्यालापण हेच सांगतो ती गोष्ट वेगळी). इंजिनसाठी ओळखीत एकाकडे जिप्सीचं १३०० पडून आहे, कंडिशन चांगली. पेट्रोल पंपावरचं चालेल ना? आणि डीजीसीएचं (विमानांना परवानगी देणारं सरकारी खातं) कसं असतं, आधी परवानगी का आधी विमान? घरी अजून सांगितलं नाहीये, बायकोला वाटतंय शेडमध्ये नवीन बेंडिंग मशीन येणार आहे.

हँगरवाले_काका

तुमचा हात पत्र्यावर बसलेला आहे ही मोठी गोष्ट आहे, बाकी लोक तिथेच अडकतात. पण तुमच्या धंद्यातल्या काही सवयी इथे सोडाव्या लागतील, रागावू नका, माझं सगळं आयुष्य विमानाच्या मेंटेनन्समध्ये गेलंय म्हणून स्पष्ट लिहितो.

पहिलं पत्रा. ६०६१ म्हणजे फक्त मिश्रधातूचं नाव झालं, त्याच्यापुढे टी-६ आहे की नाही ते महत्त्वाचं. टी-६ म्हणजे हीट ट्रीटमेंट केलेला, त्याची यील्ड स्ट्रेंग्थ (कायमचा वाकेपर्यंत सोसायची ताकद) साधारण २७६ मेगापास्कल, आणि तोच ६०६१ ॲनील केलेला मऊ मिळाला तर साधारण ५५. पाचपट फरक, आणि डोळ्याला दोन्ही पत्रे सारखेच दिसतात. व्यापाऱ्याला सांगा मिलचं टेस्ट सर्टिफिकेट दे, त्यावर हीट नंबर असतो आणि तोच नंबर पत्र्यावर छापलेला दिसला पाहिजे. तो म्हणेल शेठ विश्वास ठेवा, तर नमस्कार करून बाहेर पडा. शिवाय अशा विमानाच्या स्किनचा (बाहेरच्या आवरणाचा) पत्रा बऱ्याच ठिकाणी ०.४ मिलीमीटरचा असतो, ०.६ म्हणजे जाड म्हणायचा, एवढ्या पातळ टी-६ चा माल कमी प्रमाणात कोण देतो ते आधी शोधा, कारण व्यापारी १.२ दाखवणार आणि तुम्ही म्हणणार चालेल, जाड म्हणजे मजबूत. विमानात जाड म्हणजे जड, आणि जड म्हणजे ज्याला उडायचं नाही असं विमान.

रिव्हेट हार्डवेअरच्या दुकानातले अजिबात नकोत. त्याचा मधला खिळा तुटून गळून पडतो आणि आत पोकळ नळी राहते, तिची शिअर स्ट्रेंग्थ (आडव्या कातरीचा जोर सोसायची ताकद) किती ते डब्यावर लिहिलेलं नसतं. डिझायनरने जो रिव्हेट सांगितलाय तोच, आणि त्याने जे अंतर सांगितलंय तेच. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत कमीत कमी भोकाच्या व्यासाच्या दुप्पट, त्याच्या आत भोक गेलं की तो पार्ट बाद, वाईट वाटलं तरी बाद. प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी डीबर करायचं, म्हणजे कडेचा खरखरीत बर काढायचा, क्रॅक त्या बरपासूनच सुरू होते. आणि एक सवय आजच सोडा, पत्र्यावर स्क्राइबरने रेघ मारायची नाही, पेन्सिलनेपण नाही, पेन्सिलीतलं ग्राफाइट ॲल्युमिनियमला गंज आणतं. बारीक टोकाचा मार्कर वापरा.

बोल्टबद्दल लोक मला नेहमी म्हणतात की काका ८.८ चा बोल्ट तर तेवढाच मजबूत असतो. असतो की, ताणात जवळपास तेवढाच. पण एएन बोल्टला (विमानासाठीचा ठरलेल्या मापाचा बोल्ट) आटे फक्त टोकाला असतात, मधला भाग गुळगुळीत आणि प्रत्येक जाडीसाठी वेगळ्या लांबीचा, म्हणजे भोकात आटे येतच नाहीत. दुकानातला पूर्ण आट्यांचा बोल्ट तुम्ही पंखाच्या स्ट्रटला (पंखाला आधार देणाऱ्या दांडीला) लावलात तर भार आट्यांच्या खाचेवर येणार, आणि ते आटे करवतीसारखे भोक मोठं करत बसणार. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा.

कलाभवन_बॅच

इंजिनवर मी लिहितो, एमएसयूला मेकॅनिकलला असताना आमचा प्रोजेक्ट प्रोपेलरवरच होता. जिप्सीचं इंजिन वाईट नाही हं, बाहेरच्या देशात सुझुकीची १००० आणि १३०० इंजिनं लोकांनी विमानाला लावून उडवलीयेत. पण थेट नाही लावता येत. ते इंजिन ताकद देतं ५५००-६००० आरपीएमला. समजा तुमचा प्रोपेलर १.७ मीटरचा आहे आणि तो सरळ क्रँकवर बसवला, तर ५५०० ला पात्याच्या टोकाचा वेग येतो ४९० मीटर पर सेकंदच्या आसपास, आणि आवाजाचा वेग ३४० धरा. म्हणजे टोक सुपरसॉनिक, सगळी ताकद आवाज करण्यात जाणार आणि पूर्ण जीआयडीसी तुमच्या दारात. रोटॅक्स ९१२ (छोट्या विमानांसाठीच बनणारं इंजिन) च्या १०० एचपीवाल्यात म्हणूनच २.४३ चा गिअरबॉक्स असतो, तेच ५५०० भागिले २.४३ केलं की प्रोपेलर २२६० ला फिरतो आणि टोक २०० मीटरवर येतं, एकदम शांतपणे खेचतं.

तर जिप्सीला रिडक्शन ड्राइव्ह, म्हणजे वेग कमी करून प्रोपेलरला देणारी जोडणी, बनवावी लागेल, बेल्टचा किंवा गिअरचा, आणि खरी गोम तिथे आहे. चार सिलिंडरचं इंजिन धक्क्याधक्क्याने टॉर्क देतं, प्रोपेलर जड चाकासारखा एका वेगाने फिरायला बघतो, मधल्या शाफ्टला पीळ बसत राहतो, आणि एखाद्या आरपीएमला ते दोन्ही जुळले की गिअर नाहीतर शाफ्ट जातो. हे कागदावर काढायला बराच अभ्यास लागतो, आणि नुसतं बनवून बघू असं म्हणायची ही जागा नाही. मी तुमच्या जागी असतो तर जिप्सीचं इंजिन शेडमध्ये टेस्ट बेडवर बांधून शिकायला ठेवलं असतं आणि विमानाला वापरलेलं रोटॅक्स शोधलं असतं, लॉगबुक पूर्ण असलेलं. लॉगबुक नसेल तर ते इंजिन नाही, भंगार आहे, कितीही चकाचक असू दे.

रावपुरा_रिटर्न्स

एवढं कशाला, आपल्या तळपद्यांनी १८९५ ला चौपाटीवर उडवलं होतं ना 😀 त्याचं ड्रॉइंग फुकट आहे

कलाभवन_बॅच

@रावपुरा_रिटर्न्स ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ग्रंथाचा लोक दाखला देतात त्यातल्या आकृत्या बंगळुरूच्या आयआयएससीवाल्यांनी १९७४ मध्येच तपासल्यात, उडण्यासारखं त्यात काही नाही असंच निघालं. मकरपुरावाल्यांना खरंच बसायचंय त्यात, विषयावर या.

कोयली_पाइपलाइन

पेट्रोलचा प्रश्न कोणी घेतला नाही आणि मला तर तोच सगळ्यात मोठा वाटतो. आता पंपावर जे मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. रोटॅक्स कंपनीची परवानगी ई-१० पर्यंतच आहे, आणि १०० एचपीवाल्याला कमीत कमी ९५ ऑक्टेन लागतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबराच्या नळ्या फुगवतं, फायबरची टाकी असेल तर तिचं काही रेझिन सोडवतं, आणि आपल्या मे महिन्यात इंजिनखाली तापलेल्या पाइपात पेट्रोलची वाफ धरण्याचा धोका वेगळाच. गाडीत इंजिन झटका खाऊन बंद पडलं तर बाजूला घेता येतं.

कुठल्याही पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का ते घरी बघता येतं. १०० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, झाकण लावून हलवा आणि ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर १० वरून वर चढला की समजा. ई-२० असेल तर तो पंचवीसच्या पुढे गेलेला दिसेल. हे काम उघड्या हवेत करा आणि आसपास वेल्डिंग नको हे तुम्हाला सांगायला नको, तरी सांगितलं.

दुसरा रस्ता ॲव्हगॅस १०० एलएल, म्हणजे विमानाच्या इंजिनाचं खास पेट्रोल. आणि गंमत बघा, पूर्वी ते बाहेरून यायचं, सप्टेंबर २०२२ ला इंडियन ऑइलने देशी ॲव्हगॅस बाजारात आणलं आणि ते बनतं आपल्या इथे, कोयलीच्या गुजरात रिफायनरीत. म्हणजे तुमच्या शेडपासून गाडीने थोड्याच वेळाच्या अंतरावर. पण गेटवर कॅन घेऊन गेलात तर वॉचमन चहापण विचारणार नाही, ते विमानतळाच्या आणि फ्लाइंग क्लबच्या रीतसर सप्लायमधूनच मिळतं. त्यात शिसं असतं, ते रोटॅक्सच्या ऑइलमध्ये उतरतं, म्हणून सतत ॲव्हगॅसवर चालवलं तर ऑइल २५ तासांनी बदलायचं. खर्चाच्या वहीत हे आत्ताच लिहून ठेवा.

मकरपुरा_शेड

बापरे. पेट्रोलचं तर डोक्यातच नव्हतं. जिप्सीवाल्याला आजच ‘नको’ म्हणून कळवतो. डीजीसीएचं कोणी सांगेल का? आणि हरणीच्या त्या टाटा-एअरबसच्या फॅक्टरीतून कटिंगचे तुकडे मिळाले तर, अर्धी मस्करी आहे पण अर्धी नाही.

फाइल_नंबर_दे

तुकड्यांचं विसरा, सर्टिफिकेट नसलेला तुकडा कितीही भारी विमानातून आला असला तरी काकांनी वर लिहिलंय तसं तो भंगारच.

परवानगीबद्दल. कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, कांदिवलीच्या गच्चीवर सहा सीटचं बनवलं, फेब्रुवारी २०१६ ला बीकेसीत मेक इन इंडिया वीकमध्ये ठेवलं, पेपरात आलं, आणि रजिस्ट्रेशन मिळालं नोव्हेंबर २०१७ ला, परमिट टू फ्लाय ऑक्टोबर २०१९ ला, मग चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर. म्हणजे विमान लोकांनी डोळ्याने बघितल्यानंतरही साडेतीन वर्षांहून जास्त फक्त कागदात. लोक ही गोष्ट सांगताना गच्चीचं कौतुक करतात, मला त्यातलं फाइलींचं कौतुक जास्त वाटतं. म्हणून पहिलं भोक पाडायच्या आधी पत्र लिहा, काय बनवणार, कोणाचं डिझाइन, कोणतं इंजिन, आणि तपासणी कोण करणार ते त्यांच्याकडून लेखी घ्या. जुनी परिपत्रकं नेटवर पडलेली असतात त्यांच्यावर जाऊ नका, १९३४ चा एअरक्राफ्ट ॲक्टच जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आलाय.

अमेरिकेत नियम असा की अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं पाहिजे, आणि ते सिद्ध करायला लोक प्रत्येक पार्टचे फोटो आणि तारीखवार डायरी ठेवतात. तुम्ही तीच सवय लावा, इथे कोणी मागो न मागो. पत्र्याचं सर्टिफिकेट, रिव्हेटचं बिल, कोणत्या रिबला कोणत्या लॉटचा माल लागला, सगळं. स्किन बंद झाली की आत काय आहे ते फोटोशिवाय कोणाला दाखवणार?

आणि तुमच्याकडे लायसन्स आहे का हे कोणी विचारलंच नाही. पीपीएलला (खासगी वैमानिकाच्या लायसन्सला) कमीत कमी ४० तास उड्डाण लागतं, मेडिकल वेगळं. हरणीला फ्लाइंग क्लब आहे, तिथे आधी जाऊन या. बनवता बनवता हातातलं उडवणं सुटलं तर पहिल्या उड्डाणाला तुम्ही स्वतः बसूच नका.

हँगरवाले_काका

वरचं सगळं बरोबर. मेंटेनन्सचं थोडं राहिलं, कारण बनवणाऱ्याला वाटतं उडालं की संपलं. रोटॅक्सच्या रबराच्या नळ्या, कार्ब्युरेटरचे रबर सॉकेट वगैरे दर पाच वर्षांनी बदलायचेच, विमान नुसतं उभं असलं तरी. खरं तर उभं असलेलं जास्त खराब होतं. आपल्याकडे पावसाळ्यात स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे पांढरी पूड दिसायला लागते, म्हणून जोडताना मध्ये प्राइमर हवाच. पिटो ट्यूबला (वेग मोजणाऱ्या नळीला) झाकण विसरलात तर कुंभारमाशी मातीचं घर करून जाते आणि तुम्हाला कळतं धावपट्टीवर, जेव्हा स्पीडचा काटा हलत नाही. उंदीर वायरिंग खातात. शेडमध्ये मांजर पाळा, मस्करी करत नाहीये.

आता सुरुवात. पूर्ण किट नको, पूर्ण ड्रॉइंगपण नको. नुसतं रडरचं (शेपटीवरच्या उभ्या वळवायच्या पंखाचं) किट मागवा. बरेच बनवणारे तिथूनच सुरू करतात, त्यात रिब (आडव्या फासळ्या), स्पार (मुख्य दांडा), स्किन, रिव्हेट सगळं थोडं थोडं येतं, माल सर्टिफाइड असतो आणि शेडच्या एका टेबलावर मावतो. ते सरळ आणि पीळ न पडता जमलं तर पुढचं बोला.

मकरपुरा_शेड

रडरचं पटलं. व्यापाऱ्याला काल सर्टिफिकेट मागितलं तर म्हणाला इतक्या वर्षांत कोणी मागितलं नाही, मग आत जाऊन फोनवर कोणाशी तरी बोलला आणि म्हणतो बनवून देतो. बनवून 🙏

काका, एक विचारायचं होतं, रडरसाठी हाताची रिव्हेट गन पुरेल का कॉम्प्रेसरवरची घेऊ? कॉम्प्रेसर आहे माझ्याकडे.

हँगरवाले_काका

आहे तर कॉम्प्रेसरवरचीच घ्या, पण गनचं तोंड डिझायनर सांगेल तसं घडवलेलं हवं. झेनिथवाल्या पद्धतीत सपाट डोक्याचा रिव्हेट ओढतानाच गन त्याला घुमटासारखा करते, साध्या तोंडाने ते होत नाही. आधी टाकाऊ पत्र्यावर एक ओळ मारून फोटो टाका इथे. आणि घरी सांगा आता, रडरचं खोकं कस्टममधून येईल तेव्हा त्यावर बेंडिंग मशीन लिहिलेलं नसणार.