‘परकीय सत्तेचे फायदे-तोटे लिहा’ हा प्रश्नच पटेनासा झालाय

अर्धी वही
एम.ए.ला साम्राज्यवादाचा पेपर घेतलाय. माझा निबंध कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशावर आहे. अमेरिकेने १९१५ ते १९३४ अशी एकोणीस वर्षं तिथे लष्करी ताबा ठेवला. सुरुवातीला पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे रस्ते, दवाखाने, टेलिफोन. उजवीकडे जुलूम. आता ती रेघच खोटी वाटतेय.

रस्त्यांचंच घ्या. ते बांधायला १८६४ चा एक मोडीत निघालेला कायदा उकरून काढला: रस्त्याचा कर भरा, नाहीतर रस्त्यावर राबा. सरळ वेठबिगार. कायद्याप्रमाणे माणसाने आपल्याच भागात राबायचं होतं. प्रत्यक्षात लोकांना लांब नेऊन पहाऱ्यात ठेवलं. या वेठीच्या संतापातूनच बंड भडकलं. शार्लमाय पेराल्त हा त्याचा पुढारी. १९१९ मध्ये त्याला मारलं, प्रेत एका दाराला बांधून फोटो काढला आणि धाक बसावा म्हणून तो वाटला. लोकांना मात्र त्यात क्रुसावरचा येशू दिसला.

आता हा रस्ता कुठल्या बाजूला लिहू?

जुना गडी
दोन्ही बाजूंना लिही. रस्ता वेठीने झाला, हे खरं. त्यावरून आजारी माणूस दवाखान्यात पोचला, तेही खरं. आणि तुझ्या गोष्टीची सुरुवात गायब आहे. १९११ ते १९१५ मध्ये तिथे अध्यक्ष किती भराभर बदलले? जुलै १९१५ मध्ये अध्यक्ष साम यांच्या राजवटीत तुरुंगातले दीडशेहून जास्त राजकीय कैदी कापले गेले. चिडलेल्या जमावाने साम यांना वकिलातीतून ओढून काढून ठार केलं. त्या आठवड्यात राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये राहणाऱ्याला विचार, सैन्य उतरलं तेव्हा काय वाटलं. परकी म्हणजे राक्षस आणि आपले म्हणजे गरीब बिचारे, एवढंच लिहायचं तर एम.ए. कशाला?

शाईचा डाग
जुना गडी, गोंधळ होता म्हणून सैन्य आलं, हे सैन्य पाठवणाऱ्यांचं म्हणणं. त्याच्या आधीच, डिसेंबर १९१४ मध्ये, अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं होतं. साम तेव्हा अध्यक्षही नव्हते! हैतीची तिजोरी रिकामी का असायची, तेही बघा. १८२५ मध्ये हैतीच्या जुन्या मालकाने, फ्रान्सने, युद्धनौका आणून १५ कोटी फ्रँक मागितले. कशाबद्दल? गुलामांनी स्वतःला सोडवून घेतलं, त्यात मालकांचं नुकसान झालं म्हणून. पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडायला कर्ज काढलेलंच होतं.

जुना गडी
सोन्याचा मुद्दा मान्य. पण सैनिक गेल्यावर काय झालं? १९५७ मध्ये हुकूमशहा दुव्हालिए आला, तो घरचाच. किती वर्षं बाहेरच्यांच्या नावाने खडे फोडायचे?

अर्धी वही
कापलेल्या कैद्यांचा उल्लेख माझ्याकडून राहिला होता, तो पहिल्या पानावर घेते. पण दुव्हालिए आभाळातून पडला नाही ना. ताब्याच्या काळात सगळी सत्ता राजधानीत गोळा झाली आणि नवं सशस्त्र दल उभं राहिलं, ज्याच्या बंदुका आपल्याच लोकांवर रोखलेल्या. जाताना तेच मागे राहिलं. (दुव्हालिएने त्यांच्याशिवाय स्वतःचे गुंडही पाळले, ते पाप त्याचं.)

मला राज्यघटनेचं प्रकरण जास्त बोचलं. १८०४ ला स्वतंत्र झाल्यावर हैतीने परकीयांना जमीन घ्यायची बंदी केली होती. ती उठवणारा मसुदा विधिमंडळ मान्य करेना, तर १९१७ मध्ये विधिमंडळच बरखास्त. पुढच्या वर्षी सैनिकांच्या देखरेखीखाली सार्वमत घेतलं, निकाल जवळपास एकमुखी! कागदावर सगळं रीतसर. ‘कायदा व सुव्यवस्था’ हा शब्द आता डोळे झाकून लिहवत नाही.

जुना गडी
हे लिही. हे रस्त्यांपेक्षा भारी आहे. तरी दवाखाने खोडू नकोस.

शाईचा डाग
एक दुरुस्ती. सैन्य १९३४ ला गेलं, पण हैतीच्या पैशांवरची अमेरिकेची देखरेख १९४७ पर्यंत चालू होती. ‘एकोणीस वर्षं’ हे सैन्याचं गणित झालं.

अर्धी वही
अरे देवा. शीर्षकातच ‘१९१५–१९३४’ आहे, आणि मार्गदर्शकांची सही होऊन गेलीय.